हुलगेवाडीचा मुलाणी

जोतिराम लवट्यांनी आयुष्यात पुष्कळ पत्रांना उशिरा उत्तरं दिली, पण उत्तर दिलंच नाही असं पत्र एकच. ते दोन वर्षांपूर्वी माघात आलं होतं. निळं आंतरदेशीय, कडा गरजेपेक्षा जास्त डिंक लावून चिकटवलेल्या, आणि अक्षर असं की प्रत्येक शब्द वरच्या रेघेला दोन्ही हातांनी लोंबकळतोय. पत्ता वाचायच्या आधीच त्यांनी ते अक्षर ओळखलं. हुलगेवाडीच्या शाळेत चौथीपर्यंत त्या अक्षराच्या शेजारी त्यांची पाटी असे.

"जोतिराम मास्तर यांस, दस्तगीर मौला मुलाणी याचा सलाम आणि रामराम. पत्रास कारण की, औंदाच्या जत्रंत पयलं बकरं माज्या हातनं नको असं कमिटीत निघालंय. एक तरणा म्हणला, तुमी लोक आला कुटनं? कुणी बाटवलं तुमाला? मला काय बोलता आलं न्हाय. बाप मौला, आजा बाबालाल, पणजा ज्ञानू, त्याचा बाप बिरू. त्याच्या म्होरं मला म्हाईत न्हाय. ज्ञानू म्हणल्यावर पोरं हसली. तू बुकं वाचतोस. आमी मुसलमान कसं झालो ते एका कागदावर लिवून खाली सही करून धाड. पाडव्याला मिटिंग हाय, तितं वाचून दावतो. माजी नात अल्फिया बी सारकी इचारती. बाकी ठीक. तुजा दस्त्या."

जोतिरामांनी ते त्या दिवशी सात वेळा वाचलं आणि एका जाड पुस्तकात घालून ठेवलं. पाडव्याला अजून पाच आठवडे होते.

हुलगेवाडी मंगळवेढ्याच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेली. सगळी वस्ती धनगरांची आणि एक घर मुलाण्याचं. चैत पुनवेला बिरुदेवाची जत्रा. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा निवद, दुसऱ्या दिवशी खारा. खाऱ्या निवदाला घरोघरची बकरी पडत, पण पहिल्या बकऱ्यावर सुरी मुलाण्यानंच फिरवायची. त्यानं तोंडातल्या तोंडात दोन शब्द म्हणायचे आणि मग सुरी. त्याच्या हातचं नसेल तर लवट्यांच्या घरातलं माणूस त्या मटणाला शिवत नसे. आणि त्याच्याही आधी, गोड्या निवदाच्या सकाळी, लवट्यांच्या थोरल्या सुनेनं मलिदा करून गावाबाहेर पिराच्या घुमटाला न्यायचा, तो मुलाण्याच्या बायकोनं पदरात घ्यायचा. हे कधीपासून चाललंय असं कुणी विचारलेलं नव्हतं. विचारावंसं वाटेल असं माणूस त्या गावात जन्मलंच नव्हतं. आता जन्मलं होतं.

जोतिरामांनी शाळेत कधी शिकवलं नाही. सोलापुरात एका वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, एवढंच. पण वाचतात म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि ती हाक ऐकली की त्यांना आपण दुसऱ्या कुणाची तरी टोपी घालून फिरतोय असं वाटे. लग्न झालं नव्हतं. म्हणजे दोनदा ठरत आलं होतं आणि दोन्ही वेळा हेच ऐन वेळी काही बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर ते भवानी पेठेत एका माडीवरच्या खोलीत राहत. शेजारी मागाची खटखट सकाळी सुरू झाली की दिवस उजाडला म्हणायचा. खाली घरमालकीण दाक्षायणी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकायची. तीच त्यांना दोन वेळा ताट पाठवायची आणि ताटाबरोबर चार शब्दही ऐकवायची.

त्या पाच आठवड्यांत तिनं एकदा वर येऊन टेबलाकडं बघितलं.

"काय लिहायलात एवढं, मास्तर?"

"गावाकडच्या मित्राला उत्तर लिहितोय."

"उत्तर? तीन वह्या भरल्या की! अहो, आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे असाल, झालं की उत्तर."

"त्यानं एक प्रश्न विचारलाय."

"मग हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

"तसा प्रश्न नाहीये तो."

"मग तो मित्र तुम्हाला ओळखत नसणार. तुम्हाला असले प्रश्न विचारतंय का कुणी!" असं म्हणून ती हसत खाली गेली. जोतिराम बराच वेळ त्या जिन्याकडं बघत बसले. दस्तगीर त्यांना चांगला ओळखत होता, आणि तरी त्यानं विचारलं होतं.

पुस्तकांत तसं सगळं होतं. बहमनी होते, विजापूरची आदिलशाही होती, लढाया होत्या, पाडलेली देवळं होती आणि इनामं दिलेली देवळंही होती. कोकणच्या किनाऱ्याला अरबांची गलबतं व्यापाराला येऊन माणसं तिथंच घरं करून राहिली होती. फौजांच्या मागून एकेकटे फकीर आले होते. त्यांच्यातल्या काहींनी दक्खनी बोलीत जात्यावरची गाणी रचली, आणि दळता दळता बायकांच्या तोंडी अल्लाचं नाव बसलं. कुठं विणकरांची आळीच्या आळी गेली, कुठं पिंजारी, कुठं चाकरीसाठी एखादा वतनदार. कुणी जबरीनं गेला, कुणी लोभानं, कुणी जातीचा जाच चुकवायला, कुणी नुसताच एखाद्या पिराच्या दारात बसून बसून. एक पुस्तक म्हणे तलवार, दुसरं म्हणे प्रेम, आणि तिसरं दोघांनाही खोडून काढी. हुलगेवाडीचा दस्तगीर मात्र कुठल्याच पानावर नव्हता.

तरी त्यांनी लिहायला घेतलं. 'तुमच्या घराण्याने इस्लाम बहुधा सतराव्या शतकात स्वीकारला असावा.' मग 'सतराव्या शतकात' खोडलं, कारण आधार काय? मग 'स्वीकारला' खोडलं. स्वीकारला म्हणजे कुणी पुढं केला आणि कुणी हात पसरून घेतला, असंच झालं का? शेवटी कागदावर 'बहुधा' आणि 'असावा' एवढंच उरलं. ते त्यांनी बराच वेळ वाचलं. आपल्या सबंध आयुष्यावर एवढं खरं वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं, असं त्यांना वाटून गेलं.

एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण ती पुस्तकात नव्हती. त्यांचे आजोबा सयाजी बिरुदेवाच्या जत्रेत ढोलावर ओव्या गायचे. त्यातली एक ओवी मुलाण्याच्या घराची होती. लहानपणी ती ऐकताना जोतिराम आणि दस्तगीर एकाच घोंगडीत बसलेले असायचे. पण गाणं ते गाणं. गाण्याखाली सही कशी करायची?

पाडव्याला चार दिवस उरले असताना फोन आला. थोरल्या भावाचा मुलगा रामहरी. भाऊ गेल्यापासून गावातलं घर तोच बघायचा, आणि जत्रा कमिटीचा अध्यक्षही तोच होता.

"तात्या, बरं हाय न्हवं?"

"आहे की."

"दस्त्या मुलाण्यानं तुमाला पत्र धाडलंय म्हणं."

"आलंय."

"काय लिवू नगा बरं का. हितली हवा बदललीया. मी कमिटीचा अध्यक्ष, आन् माजाच चुलता सोलापुरातनं त्येच्या बाजूचा कागद धाडतोय म्हणल्यावर माजी काय ऱ्हाती?"

"मी अजून काही लिहिलं नाही रे."

"मग ब्येस झालं की! तुमचं उशिरा लिवायचं एकदा तरी कामाला आलं बगा."

रामहरी हसला. जोतिरामही हसले. फोन ठेवल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं. त्या दिवशी दाक्षायणीनं पाठवलेल्या तीनही भाकऱ्या त्यांनी संपवल्या. पुढं दोन वर्षं त्यांना त्या पत्राची आठवण आली की आधी तीन भाकऱ्या आठवायच्या.

पाडवा गेला. पुनव आली. गुडघ्याचं निमित्त सांगून ते जत्रेला गेले नाहीत. चौथ्या दिवशी न राहवून त्यांनीच रामहरीला फोन लावला.

"झाली का जत्रा?"

"झाली की. लई माणूस आल्तं. मंगळवेढ्यासनं एक जण आणला हुता, त्येनं पाडली बकरी."

"लोक जेवले?"

"तरणी जेवली."

"आणि म्हातारी माणसं?"

"म्हाताऱ्यांचं काय धरून बसलाय तात्या. सात-आठ जणं पंगतीतनं उठली. आमच्या आत्तीनं तर घरात जाऊन चटणी-भाकर खाल्ली. सणाच्या दिशी."

आत्ती म्हणजे जोतिरामांची थोरली बहीण बजाबाई. फार वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आलेली.

"आणि दस्तगीर?"

"त्यो घुमटापाशी बसून हुता दिसभर. सुरी घिऊन. धार लावून आणली हुती म्हणं."

एवढं होऊनही जोतिरामांनी पत्र लिहिणं सोडलं नाही. उलट आता त्यांना रोज लिहावंसं वाटे. पण आता उत्तराच्या आधी माफी मागायला हवी होती, आणि माफी कशाची ते सांगायचं तर त्या फोनचं सांगावं लागलं असतं. पावसाळ्यात कळलं की दस्तगीर आणि त्याची बायको जैबुनबी गाव सोडून मोडनिंबाला मुलाकडं राहायला गेले. मुलाचं तिथं हायवेवर टायरचं दुकान होतं. जोतिरामांनी मोडनिंबाचा पत्ता मिळवला, वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि पत्ता पक्का झाला याचंच त्यांना चार दिवस समाधान वाटत राहिलं.

यंदाच्या पौषात रामहरीच्या फोनवरून बजाबाई बोलली. तिला फोनवर ओरडून बोलायची सवय.

"जोती, दस्त्या गेला बग."

"कधी?"

"मंगळवारी. मोडनिंबातच मूठमाती दिली. हितं आणला न्हाय. तू ये एकदा."

ते लगेच गेले नाहीत हे सांगायला नकोच. फाल्गुनात गेले. सोलापूरहून मंगळवेढा, बेगमपूरच्या पुलाखाली भीमेत हातभर पाणी. तिथून दुसरी एस.टी. हुलगेवाडीच्या थांब्यावर उतरले तर दुपार डोक्यावर होती. थांब्यावर एक सिमेंटचं बाकडं होतं, त्यावर कुणी नव्हतं.

बजाबाई लिंबाखाली बसून लोकर कातत होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं दिसत होतं.

"आलास? बस. पाणी पी. रामहरी शेतात हाय, त्यो यायच्या आत बोलू या."

जोतिराम घोंगडीवर बसले.

"दस्त्याला तू काय लिवलंस?"

"काही नाही, आक्का."

"ते मला ठावं हाय. मी तुज्या तोंडनं ऐकत हुते." तिनं धागा ओढला. "पाडव्यापतुर त्यो रोज त्या यष्टीच्या बाकड्यावर जाऊन बसायचा. पोष्टमन तितं उतरतो की. मी म्हणायची, दस्त्या, आमचा जोती हळू हाय, पर लिवंल. मिटिंगीच्या दिशी बी सकाळी जाऊन आला. मिटिंगीत इचारलं, काय पुरावा हाय? तर म्हणला, मास्तराचं पत्र यायचं हाय. जत्रा झाली, तरी म्हणायचा, यायचं हाय. मग तरणी पोरं चेष्टा करायला लागली. दिसला की, काय मुलाणी, आलं का पत्र? येल का औंदा? त्यो बी हसायचा त्येंच्यासंगट. गावातनं जायच्या दिशी मला म्हणला, बजाक्का, पत्र आलं तर मोडनिंबाला धाड."

जोतिरामांनी तांब्या उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

"माझ्याजवळ पुरावा नव्हता गं."

"कसला पुरावा?"

"कागद. सनद. कुणीतरी लिहून ठेवलेलं काहीतरी."

"आन् आज्ज्याची ओवी?"

"ती ओवी आहे, आक्का. गाणं आहे ते. गाण्याला कोण पुरावा म्हणेल?"

बजाबाईचे हात थांबले. "मंजी आपला आज्जा देवाम्होरं उभा ऱ्हाऊन खोटं गात हुता व्हय रं?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. मांडीवर पंजानं ताल धरून ती फुटक्या आवाजात गाऊ लागली:

"थोरल्यानं राखली मेंढरं, धाकल्यानं राखली हीर,
थोरल्याचा बिरुदेव, गा, धाकल्याचा पीर."

पुढची सगळी ओवी तिला येत होती. जोतिरामांनाही येत होती; मध्ये तिचा दम सुटला तिथं त्यांचे ओठ आपोआप हलले.

ती अशी. थोरला दुष्काळ पडला, तेव्हा लवट्यांच्या घरात दोघं भाऊ होते. थोरला चालती मेंढरं घेऊन दक्षिणेला नदीकाठी गेला. धाकला मागं राहिला, लंगड्या मेंढरांपाशी आणि आंधळ्या आईपाशी. त्या साली विजापूरच्या वाटेनं एक फकीर आला आणि गावाबाहेर लिंबाखाली बसला. त्यानं धाकल्याला बरोबर घेऊन विहीर खणली. पाणी लागलं. फकिरानं एकच अट घातली: इथनं कुणाला परत पाठवायचं नाही, जात विचारायची नाही, जनावराला आधी पाजायचं. धाकल्यानं तीन साल विहीर राखली. आई गेली, फकीरही गेला. धाकल्यानं दोघांना माती दिली आणि फकिराच्या मातीवर दिवा लावायला लागला. फकीर जनावर कापताना जे दोन शब्द म्हणायचा तेही तो म्हणायला लागला, कारण कापायची रीत त्यानं तीच एक शिकली होती. पाऊस पडल्यावर थोरला परतला. लोक म्हणाले, तुझा भाऊ तुझा राहिला नाही. थोरल्यानं विहिरीचं पाणी पिऊन बघितलं. मग देवापुढं बकरं उभं केलं, सुरी भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, ह्याच्या हातचं नसेल ते माझ्या घरात शिजायचं नाही.

ओवी तिथंच संपते. धाकला तेव्हा मुसलमान झाला होता का, हे ती सांगत नाही. तिला ते महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही.

बजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "ह्येच लिवायचं हुतं. त्येला ओवी काय ठावं नव्हती व्हय? त्येला बी पाठ हुती. पर मुलाण्यानं सांगितलं तर कोन ऐकतंय? लवट्यानं सांगाय पायजे हुतं. त्येला तुजा पुरावा नको हुता रं, तुजी सही पायजे हुती."

कोंबड्या अंगणातून पळत गेल्या.

"आक्का, पाडव्याच्या आधी रामहरीचा फोन आला होता. लिहू नका म्हणाला. मी हसलो. आणि मला बरं वाटलं होतं. आता लिहावं लागणार नाही म्हणून बरं वाटलं होतं."

"ठावं हाय. त्यो हितंच बसून बोलला की फोनवर."

"मग तू मला काही बोलली का नाहीस?"

"तू शिकल्याला." बजाबाईनं पुन्हा लोकर हातात घेतली. "मला वाटलं, माज्यापरास तुला जास्त कळत आसंल."

जरा वेळानं ती उठली, भिंतीचा आधार घेत आत गेली आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काही घेऊन आली. आत दस्तगीरची सुरी होती. मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली. "जाताना दिऊन गेला. म्हणला, गावची हाय, गावात ऱ्हाऊ दे. आन् त्येची ती नात, अल्फिया, कालिजात जाती. मागल्या म्हयन्यात घुमटाला आल्ती दिवा लावाय. मला म्हणली, आज्जी, माजा आज्जा म्हणायचा मास्तराचं पत्र आलं की तुला वाचून दावतो. आलं का वो कधी? मी काय सांगू तिला? म्हणलं, यायचं हाय."

परतीच्या एस.टी.ला वेळ होता म्हणून जोतिराम घुमटाकडं जाऊन आले. लिंब होता. विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळला होता, आणि वाकून बघितलं तर तळाशी पाणी होतं, त्यात आभाळाचा तुकडा आणि दोन प्लास्टिकच्या बाटल्या. कठड्यापाशी एक गुळगुळीत दगड होता. दस्तगीर त्या दिवशी इथंच बसला असणार. जोतिराम त्यावर बसले नाहीत. बसायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी तीनही वह्या टेबलावरून उचलून पलंगाखाली सारल्या आणि कोरा कागद घेतला. माग चालू होते. या वेळी फारसं खोडावं लागलं नाही.

"चि. अल्फिया मुलाणी हिस, जोतिराम लवटे याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोबांनी दोन वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर त्यांना वेळेत मिळालं असतं तर गावच्या बैठकीत वाचून दाखवता आलं असतं. मी ते लिहिलं नाही. पुरावा नाही असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मी भ्यालो. माझ्याच घरच्या माणसाला राग येईल म्हणून भ्यालो. हे तुझ्या आजोबांना सांगायचं राहिलं, म्हणून तुला सांगतो.

इस्लाम सगळीकडं एकाच वाटेनं आला नाही. काही ठिकाणी तो सत्तेच्या धाकानं आला, ते लपवू नये. काही ठिकाणी व्यापाऱ्यांबरोबर आला, काही ठिकाणी फकिरांबरोबर. हुलगेवाडीत तो एका विहिरीवर आला, असं आमच्या घरात गातात. ती ओवी मला येते तेवढी सोबतच्या कागदावर उतरवून दिली आहे.

तुमचा मूळ पुरुष, ज्याला ओवी नुसतं धाकला म्हणते, तो कुठल्या एका दिवशी मुसलमान झाला असेल असं मला वाटत नाही. त्यानं विहीर राखली आणि दिवा लावला. पुढच्यांनी हळूहळू नमाज शिकला असेल, रोजे धरले असतील. नावं तर कितीतरी पिढ्या आमच्याकडचीच राहिली. तुझ्या आजोबांच्या पणज्याचं नाव ज्ञानू, याला बैठकीत मुलं हसली. माझ्या पणज्याच्या भावाचं नावही ज्ञानूच होतं. एवढं तरी मी तेव्हा लगेच लिहू शकलो असतो.

ही ओवी आहे, सनद नव्हे. तिच्यात काही कमीजास्त असेल. तरी मी ती खरी धरतो, आणि खाली सही करतो. तुम्ही लोक कुठून आलात असं पुन्हा कुणी विचारलं तर सांग, लवट्यांच्या घरातून.

तुझ्या आजोबांची सुरी बजाक्काकडं आहे. तिनं नीट ठेवली आहे."

सही वाकडी आली. दुसरा कागद घ्यावा असं क्षणभर वाटलं, पण दुसरा कागद म्हणजे काय ते आता त्यांना माहीत होतं. मग त्याच पत्राची त्यांनी सावकाश एक नक्कल केली, तिच्यावरही सही केली, आणि दुसऱ्या पाकिटावर लिहिलं: अध्यक्ष, बिरुदेव जत्रा कमिटी, हुलगेवाडी. जत्रेला अजून तीन आठवडे होते. रामहरी ते बैठकीत वाचील असं त्यांना वाटत नव्हतं. तो बहुतेक फोन करील, आणि आपण पुन्हा हसून बसू, ही भीती मात्र होती. म्हणून फोन यायच्या आधी पाकीट जायला हवं होतं. यापुढं गावच्या घरात घोंगडी टाकून बस म्हणणारं बजाक्काशिवाय कुणी उरणार नाही, हेही त्यांनी मनाशी धरलं.

जिन्याखाली दाक्षायणी भाकऱ्या वाळत घालत होती.

"कुठं निघालात मास्तर, या उन्हात?"

"पोस्टात."

तिनं पाकिटांकडं बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडं. "त्या मित्राला?"

"त्याला नाही. तो गेला."

तिनं वाटेतलं सूप उचलून बाजूला केलं.

पोस्टाच्या दारातली लाल पेटी उन्हानं तापली होती. जोतिरामांनी दोन्ही पाकिटांवरची तिकिटं अंगठ्यानं पुन्हा दाबली, मोडनिंबाचा पिनकोड वाचून बघितला. अल्फियाचं पाकीट आधी टाकलं. दुसरं हातात राहिलं. एक मुलगी स्कूटी थांबवून त्यांच्या मागं उभी होती, तिलाही काहीतरी टाकायचं होतं. "तुम्ही टाका आधी," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, सवयीनं, आणि मग न बोलता वळून पाकीट फटीत सारलं. आत ते पडल्याचा आवाज आला. तरी त्यांनी दोन बोटं फटीत घालून, कुठं अडकलं तर नाही ना, ते चाचपून बघितलं.